मागणीचा नारळ

सरांनी मला तीन वर्षांत एकदाही नावाने हाक मारली नाही. मी 'बुरोंडी' होते. शेजारच्या बाकावर 'वेळणेश्वर' बसायचा आणि मागे, भिंतीला डोकं टेकून, 'हातखंबा'. सरांची हजेरी चालू असली की व्हरांड्यातून जाणाऱ्याला वाटायचं, आत एसटीचा कंट्रोलर बसलाय आणि गाड्या सोडतोय. नाव विचारायचंच नाही, हा त्यांचा नेम होता. "नाव आईबापांनी हौसेनं ठेवलेलं असतं," ते म्हणायचे, "त्यातनं काय कळतं? गाव सांग. गाव कळलं की माणूस तोंड उघडायच्या आधी अर्धा ऐकू येतो." परीक्षेचे गुणही ते गावांच्या नावांनीच ऑफिसात पाठवायचे, आणि हेडक्लार्क कपाळाला हात लावून आम्हाला बोलावून घ्यायचे.

रत्नागिरीतल्या आमच्या कॉलेजात मराठी घेऊन बी.ए. करणाऱ्याला शेवटच्या वर्षी भाषाविज्ञान आणि तौलनिक भाषाभ्यास असा खास विषय घेता यायचा. घ्यायचं मात्र फारसं कोणी नाही. त्याने नोकरी कसली लागते हे कोणालाच सांगता येत नव्हतं, सरांना तर नव्हतंच. वेळणेश्वरला घरच्या पूजापाठामुळे उच्चारांची आवड होती. हातखंब्याच्या बापाचं हायवेवर टायरपंक्चरचं दुकान होतं, आणि येणाऱ्याजाणाऱ्या ट्रकवाल्यांकडून तो पाचसहा भाषांतल्या शिव्या शिकला होता. तेवढ्या भांडवलावर आपण निम्मे पदवीधर झालोच आहोत असं त्याला वाटायचं.

माझं निराळं होतं. पहिल्या वर्षी, पहिल्याच आठवड्यात सरांनी काहीतरी विचारलं आणि मी उभी राहून उत्तर दिलं. घरच्या हेलात, घरच्या शब्दांत. कोळीवाड्यातली पोर, दुसरं कुठून आणणार? वर्ग खो खो हसला. सर मात्र डोळे मिटून म्हणाले, "परत म्हण." मला वाटलं, आता सुधारतील. मी पुन्हा म्हटलं, या वेळी पुस्तकी. सरांनी मान हलवली. "तसं नको गो. मघाशी म्हणालीस तसं." मग वर्गाकडे वळून म्हणाले, "हसताय कशाला? चूक असं काही नसतं. दुसऱ्या गावचं असतं." त्या एका वाक्यावर मी तीन वर्षं काढली असती.

ते वाक्य त्यांना कुठेही चालायचं. दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून आले, तरी तेच. हेडक्लार्क गुणांवरून कुरकुरले, तरी तेच. फक्त आमच्या उत्तरपत्रिका तपासताना ते वाक्य त्यांना आठवायचं नाही. तिथे चूक ती चूकच असायची.

त्यांचं शिकवणंही तसंच. फळ्यावर रकाने आखून मराठी, गुजराती, कोकणी, कानडी, बंगाली असे शब्द शेजारी शेजारी मांडायचे आणि खडू हातात घेऊन बाजूला उभे राहायचे. "या बघा बहिणी. लग्न करून लांब लांब गेल्या. कोणाचं नाक कोणासारखं, ते शोधा. आणि ही कानडी. ही बहीण नव्हे, पण शेजारीण आहे, भांडी देवघेव चालते." पुढे पुण्याला एम.ए. करताना हेच मी जाड पुस्तकांतून वाचलं, पण मनात मात्र अजून त्या बहिणीच येतात. आमची खोली सायकल स्टँडच्या वर, जांभ्याच्या भिंतींची. खिडकीतून भाट्याच्या खाडीचा एक तुकडा दिसायचा.

सरांच्या घरी आम्ही उठसूट जायचो. बाई, म्हणजे सरांच्या पत्नी, आम्हाला चहा द्यायच्या आणि तक्रार सांगायच्या. "यांना मी काय बोलले ते ऐकू येत नाही रे, कसं बोलले तेवढंच येतं. काल म्हटलं मीठ संपलंय, आणा. तर म्हणतात, पुन्हा म्हण. पुन्हा म्हटलं. छान म्हणाले आणि वाचत बसले. आमटी अळणी." सर हे सगळं कौतुकाने ऐकत असायचे.

पण त्यांचा खरा नेम होता नारळाचा. कोणाच्या घरी बोली ऐकायला, टिपायला जायचं तर रिकाम्या हाताने जायचं नाही. "शब्द फुकट घ्यायचे नाहीत," हे ते आम्हाला दटावून सांगायचे. स्टँडसमोरच्या दुकानात ते एकेक नारळ कानाशी नेऊन हलवायचे, आत पाणी बोलतंय का ते ऐकायचे, आणि मनासारखा बोलला तरच घ्यायचे. दुकानदाराने त्यांच्यासाठी टोपली वेगळी काढून ठेवलेली असे. घरात शिरल्यावर तो नारळ वडीलधाऱ्यांच्या हातात द्यायचा, बसायचं, आणि मग विचारायला सुरुवात करायची. मूळ गाव हेच का? आई कुठली? तिची आई कुठली? मुंबईला कोण असतं? बोली कुठून कुठे गेली हे माणसांच्या सोयरिकींवरून कळतं, असं त्यांचं म्हणणं.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. सरांना बोललेलं सगळं कळायचं, न बोललेलं काही म्हणता काही कळायचं नाही. एकदा लिलाव ऐकायला ते आम्हाला मिरकरवाड्याच्या बंदरावर घेऊन गेले. लिलाव पुकारणाऱ्याचा आवाज चढत होता आणि सर डोळे मिटून, खूश होऊन मान डोलावत होते. तिथे मान डोलावणं म्हणजे बोली लावणं, हे मला जन्मापासून माहीत. मी "सर, सर" म्हणेपर्यंत बांगड्यांचा अख्खा टब सरांच्या नावावर लागला होता. सर शुद्ध शाकाहारी. "मी तर काहीच बोललो नाही," ते हताशपणे म्हणाले. पुकारणारा म्हणाला, "म्हातारबा, हितं बोलून कोन घेतं?" हातखंब्याने ते बांगडे त्याच्या ओळखीच्या ढाब्यावर खपवले, म्हणून निभावलं.

आता ती मुख्य गोष्ट.

दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन मी मे महिन्यात घरी गेले, तर बाबांनी माझं स्थळ पाहून ठेवलं होतं. मुलगा बोटीवर नोकरीला, माणसं मुरुडची, नाव ठेवायला जागा नाही. बाबांची स्वतःची छोटी होडी होती, माझ्या पाठीवर आणखी दोघी. "दोन वर्सं शिकलीस. पुरे झालं," ते म्हणाले. ते रागीट नव्हते, म्हणूनच त्यांच्याशी भांडता येत नव्हतं. मी रडले आणि गप्प बसले. आईही गप्प. घरात शेवटचा शब्द थोरल्या काकीचा. ती विधवा, बाबांच्या मोठ्या भावाची बायको, दापोलीच्या बाजारात मासे विकून तिने आम्हा सगळ्यांना वाढवलेलं. ती काहीच बोलली नाही. मी आमच्या तिघांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं, 'मी आता येणार नाही.'

यात माझं एकटीचं शिक्षण बुडणार नव्हतं. खास विषयाला निदान तीन मुलं हवीत, असा कॉलेजचा नियम होता आणि तो घेणारे आम्ही तीनच होतो. मी गेले की वर्ग बंद, बाकी दोघांना दुसरा विषय, आणि सरांचं ते निवृत्तीआधीचं शेवटचं वर्ष. तीस वर्षं त्यांनी तो वर्ग कसाबसा तगवला होता.

मुलगा बोटीवर असल्यामुळे आधी त्याचे मामा यायचे होते, सोबत मुलाचा धाकटा भाऊ. मामांना आमच्यापैकी कोणी पाहिलं नव्हतं. मध्यस्थाने एवढंच सांगितलेलं की मामा शाळामास्तर आहेत, जरा विसरभोळे आहेत. शनिवारी सकाळी ओटी सारवली, पोहे केले, मला काकीची जांभळी साडी नेसवली. आणि बाहेर बाबांचा आवाज आला, "या या. वाटच बघत होतो."

मी आत होते. पुढचं मला हातखंब्याने नंतर इतक्या वेळा सांगितलंय की मी डोळ्यांनी पाहिल्यासारखं झालंय. त्याच्याकडून ग्रुपवरचा निरोप कळल्यावर सर त्याला घेऊन आदल्या संध्याकाळीच निघाले होते. दापोलीच्या स्टँडवर रात्र काढून पहिल्या गाडीने बुरोंडीत उतरले. आपण येणार हे कोणालाच कळवलेलं नसताना ही माणसं वाट बघत होती, यात सरांना काही वावगं वाटलं नाही. कोकणातली माणसं अगत्यशील असतातच, असं त्यांना वाटलं. त्यांनी पिशवीतून नारळ काढला आणि बाबांच्या हातात दिला. बाबांनी तो कपाळाला लावला आणि आत आणून देवापुढे ठेवला.

मग सर बसले आणि नेहमीच्या नेमाने विचारू लागले.

"मूळ गाव हेच?"

"होय, पाच पिढ्या इथेच."

"मुलीची आई कुठली?"

"हर्णैची."

"आणि आईची आई?"

बाबांना मामा फार खोलात जाणारे वाटले, पण सोयरीक करायची तर चौकशी होणारच. त्यांनी हौसेने पणजीपर्यंतचं सगळं सांगितलं, तेही जमेल तितक्या शहरी भाषेत. हातखंबा इस्त्रीचा शर्ट घालून शेजारी बसला होता. त्याला आईने दुसऱ्यांदा पोहे वाढले. शेवटी सर म्हणाले, "आता मुलीला बोलवा. पुढचं तिच्यासमोर बोलू."

मी चहाचा ट्रे घेऊन मान खाली घालून बाहेर आले. आणि समोरून आवाज आला, "अरे वा, बुरोंडी! साडी नेसलीस? सण आहे काय गो आज?"

ट्रे कसा पडला नाही, देव जाणे. मी म्हटलं, "सर, तुम्ही?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे. घोटाळा सगळ्यात आधी हातखंब्याला उमगला, आणि त्याने खाली पोह्यांत तोंड घातलं. सरांना उमगायला वेळ लागला. साडी, ट्रे, सारवलेली ओटी, बाबांचा चेहरा, असं एकेक बघत ते हळूहळू उभे राहिले.

"चूक झाली," सर म्हणाले. "माझी चूक झाली."

स्वतःची चूक त्यांच्या तोंडून आम्ही पहिल्यांदा ऐकत होतो. बाबा लाजेने लाल झाले होते. परक्या माणसापुढे आपण घरच्या सगळ्या सोयरिकी उलगडून बसलो, याचा त्यांना राग आला होता. "मास्तर, मग आलाव कशाला?"

"मागणी घालायलाच आलोय," सर म्हणाले. "मुलगी नको मला. तिचं एक वर्ष द्या."

"वर्सानं काय व्हनार? भाषा शिकाया कालेज लागतं व्हय? बोलते की ती रोज."

दुसरा कोणी असता तर इथे भाषण ठोकलं असतं. सर म्हणाले, "खरं आहे तुमचं." बाबा गोंधळले. सर पुढे म्हणाले, "पण तुम्ही आता बोलताय तसं मघाशी बोलत नव्हता. मघाशी माझ्यासारखं बोलत होता. मी आलो की सगळे माझ्यासारखं बोलायला लागतात हो. तीस वर्षं हेच झालं. मी बाहेरचा. तुमचं बोलणं मला पुरतं ऐकायला मिळत नाही. ते हिला मिळतं, आणि ऐकायचं कसं ते हिला येतं. एवढंच आहे."

मग आतल्या दारातून काकीचा आवाज आला. "नारळ कुठं हाय?"

"देवाफुडं," बाबा म्हणाले.

"कोनी ठेवलान?"

"मीच."

"मंग झालं तर. देवाफुडं ठेवलेला नारळ उचलून परत देनार हायस? ज्याचा नारळ घेतलाव, त्याला सबूद दिलाव. मागतो ते दे."

"वहिनी, अगं, ते चुकून..."

"देवाला काय ठावं चुकून घेतलास का जानून?"

यावर आमच्या घरात अपील नव्हतं. मी ट्रे खाली ठेवला आणि तिथेच ओटीवर बसून रडले. सर बिचारे घाबरले. त्यांना वाटलं, मला ते स्थळ हवं होतं.

खरे मामा दुपारी आले, तेव्हा सर जेवून झोपाळ्यावर बसले होते आणि काकी त्यांना वाऱ्यांची नावं सांगत होती. मामांचा नारळ काकीने हातातही घेतला नाही. "आज एक घेतलाय. एका दिवशी दोन घेत नाय," म्हणाली. मामा फणकारत निघून गेले. पोहेही उरले नव्हते. त्या बोटीवरच्या मुलाने पुढच्याच महिन्यात दुसरीकडे लग्नाचा बार उडवला, आणि सुखात आहे असं ऐकते.

मी काकीला नंतर विचारलं, तू माझ्या बाजूने का बोललीस? ती मासे निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बाजारात रोज शंभर मानसं माज्याशी बोलतात. भाव इचारतात नि जातात. ह्यो मानूस ऐकत बसला."

ते शेवटचं वर्ष. आम्ही तिघं, खिडकीतला खाडीचा तुकडा आणि सर. मी दर सुट्टीत घरचं बोलणं मोबाईलवर भरून आणायची, सर डोळे मिटून ऐकायचे. काकीचा आवाज लागला की हात वर करून आम्हाला गप्प करायचे. निकाल लागला, सर निवृत्त झाले, वर्ग बंद पडला. इतकं सुखाचं वर्ष मला पुन्हा मिळालं नाही.

आम्ही पांगलो. वेळणेश्वर मुंबईला, हातखंबा हायवेच्या रुंदीकरणात बापाचं दुकान गेल्यावर स्वतःचं गॅरेज टाकून तिथेच. मी शिकून परत रत्नागिरीला आले आणि आमच्याच कॉलेजात शिकवू लागले. सरांकडे जाणं चालू होतं, पण सरांचे कान गेले होते. यंत्र लावायला ते तयार नव्हते. "त्यातनं सगळी माणसं एकाच गावची ऐकू येतात," म्हणायचे. मग हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी मुंबईला न्यायला सांगितलं, सरांनी नको म्हटलं. बाईंनी मला फोन केला.

मी स्टँडसमोरून नारळ घेऊन गेले. सर खाटेवर उशांना टेकून बसले होते, फार लहान दिसत होते. नारळ बघून त्यांचा चेहरा खुलला. सवयीने त्यांनी तो कानाशी नेला, हलवला. पुन्हा हलवला. मग माझ्या हातात दिला. "तू ऐक आणि सांग. बोलतोय?"

मी हलवला. पाणी अगदी स्वच्छ वाजत होतं. "बोलतोय सर," मी त्यांना दिसेल अशी मान डोलावली. मला रडू आवरेना.

"काय मागायला आलीस?"

मी काही बोलले नाही. नुसतं एक बोट वर केलं. सर त्या बोटाकडे बघत राहिले. न बोललेलं त्यांना कळलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. "एक वर्ष होय," ते म्हणाले. मग हसून बाईंना म्हणाले, "घे गो तो नारळ. ठेव देवापुढे. हिच्या बापानं मला दिलंन होतं, मला नाही म्हणता येत नाही."

वर्ष काही त्यांना जमलं नाही. गणपती झाले, दिवाळी झाली, आणि थंडी पडता पडता सर गेले.

दिवस झाल्यावर बाईंनी मला बोलावून घेतलं. देव्हाऱ्यातून तो नारळ काढून त्यांनी माझ्या ओंजळीत ठेवला. "मला बजावून ठेवलं होतंन," त्या म्हणाल्या. "म्हणाले, बुरोंडीला वर्ष पुरतं देता आलं नाही, तर तिचा नारळ परत कर. फुकट घ्यायचा नाही." मी नारळ कानाशी नेला. आत काही वाजलं नाही. मग शेंडीपाशी बोटाला काहीतरी टोचलं. कोंब फुटला होता.

मी तो रुमालात गुंडाळून बुरोंडीला नेला. काकी आता थकली आहे, बाजाराला जात नाही, ओटीवर बसून असते. रुमाल सोडल्यावर आधी ती माझ्यावर चिडली. "देवाफुडचा नारळ परत आनलास?" मग मी सगळं सांगितलं. तिने कोंबावरून बोट फिरवलं.

"येक वरीस मागितलंस ना त्याच्याकडं?" ती म्हणाली. "ह्यो तर तुज्या मागं बी उभा ऱ्हानार. जा, खड्डा काड."

मी पदर खोचून विहिरीच्या बाजूला खड्डा काढायला घेतला.